नागपुरात पाळीव कोंबडी सात-आठ वर्षं जगवायची तर

अंड्यावरची कोंबडी म्हातारपणाने क्वचितच मरते. बहुतेकदा अंडंच तिचा जीव घेतं. बीव्ही-300 सारखी लेअर (अंड्यांसाठीची संकरित कोंबडी) पहिल्या वर्षी 300 च्या आसपास अंडी देते, गावरान 60 ते 80. फार्मवाले लेअर दीड-पावणेदोन वर्षांत काढून टाकतात, त्यामुळे पुढचं दुखणं त्यांना बघावंच लागत नाही. परसात पाळणाऱ्याला मात्र ते तिसऱ्या वर्षी दिसायला लागतं. अंडं अडकतं, अंग बाहेर येतं, किंवा बलक नळीत न जाता पोटात पडून तिथे पू होतो आणि पोट पाण्याच्या फुग्यासारखं लोंबतं. म्हणून नव्याने पाळणाऱ्याने गावरान घ्यावी. लेअरच घेतली असेल तर तिला अंड्यांतून सुट्टी मिळू द्यावी.

ही सुट्टी निसर्ग देतोच. डिसेंबरात नागपूरचा दिवस जेमतेम 11 तासांचा असतो, आणि पूर्ण जोमाने अंडी द्यायला कोंबडीला 14 तासांच्या आसपास उजेड लागतो. हिवाळ्यात अंडी कमी झाली की लोक खुराड्यात बल्ब लावतात. तो लावू नका. याच दिवसांत पिसं गळून नवी येतात, त्याला आठ ते बारा आठवडे लागतात. पीस म्हणजे प्रथिनच, तेव्हा या काळात सुकट, उकडलेलं अंडं किंवा शिजवलेलं सोयाबीन थोडं थोडं द्या. खुडूक बसलेली कोंबडीही विश्रांतीच घेत असते. फक्त एप्रिल-मेमध्ये ती पाण्यालाही उठत नाही. दिवसातून दोनदा उचलून पाण्यापाशी सोडावी लागते.

एका अंड्याच्या कवचात साधारण 2 ग्रॅम कॅल्शियम असतं. कवच चढायला वीसेक तास लागतात आणि त्यातला मोठा भाग रात्रीचा. म्हणून शिंपल्यांचा जाडसर चुरा संध्याकाळी, वेगळ्या वाटीत ठेवा. जिला हवा ती खाईल. खाद्यात मिसळलात तर अंडी न देणाऱ्या कोंबड्या, तलंगा (अजून अंड्यावर न आलेल्या) आणि कोंबडाही तो खातात, त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. पातळ कवचाचं अंडं अडकायची शक्यता जास्त. शेपूट खाली, पेंग्विनसारखी उभी, सारखी कुंथते आणि अंडं येत नाही, असं दिसलं तर कोमट पाण्यात 20 मिनिटं बसवा, मग सावलीत शांत ठेवा. त्याच दिवशी सुटली नाही तर डॉक्टर गाठा. पोट दाबून अंडं काढायला जाऊ नका. आत फुटलं तर गेलीच समजा.

रोज 100 ते 120 ग्रॅम लेअर मॅश (अंड्यावरच्या कोंबडीचं तयार भरड खाद्य) एका कोंबडीला पुरतं. शिळा भात, पोळी, ज्वारी हा सगळा वरचा खाऊ एकूण खाण्याच्या दहाव्या हिश्शाच्या आत ठेवा. तर्री-पोहे तर मुळीच नको, तेलही जास्त आणि मीठही. लाडावलेल्या कोंबडीच्या यकृतात चरबी साठते. अशी कोंबडी वरून धडधाकट दिसते आणि उन्हाळ्यात यकृत फुटून एका दुपारी मरून पडते.

आणि उन्हाळा हाच इथला खरा प्रश्न. कोंबडीला घाम येत नाही, ती चोच उघडून धापा टाकते. पारा 45 च्या पुढे गेला, वर टिनाचं छप्पर असलं, की नवतपा (मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) यायच्या आधीच कोंबड्या मरतात. टिनावर तणसाचा (भाताच्या पेंढ्याचा) फूटभर थर टाका आणि दुपारी तो भिजवा. खुराड्याच्या बाजूंना बारदान किंवा वाळ्याच्या ताट्या लावा, पण एक बाजू मोकळी ठेवा. पाणी मातीच्या पसरट भांड्यात, सावलीत, दिवसातून तीनदा बदलून. उन्हाळ्यात एक कोंबडी अर्धा लिटरही पिते. खाद्य सकाळी दहाच्या आत उचला आणि ऊन उतरल्यावर परत ठेवा, कारण पचनानेही अंगात उष्णता वाढते.

कूलर मे महिन्याच्या कोरड्या हवेत उत्तम. जूनमध्ये हवा दमट झाली की त्याचं पाणी बंद करून नुसता पंखा चालवा. दमट हवेत धापा टाकूनही अंग थंड होत नाही. मान टाकलेल्या कोंबडीचे पाय आणि पोटाखालचा भाग साध्या पाण्यात बुडवा, बर्फाच्या नाही.

पावसाळ्यात खाली धानाच्या तुसाचा तीन-चार इंच थर हवा, आणि मुठीत दाबल्यावर गोळा झाला तर तो बदलायचा. ओल्या तुसातूनच रक्ती हगवण येते. बुरशी आलेलं खाद्य फेकून द्या, वाळवून खाऊ घालू नका. जंताचं औषध दर तीन महिन्यांनी. ते दिल्यावर किती दिवस अंडी खायची नाहीत ते बाटलीवर लिहिलेलं असतं.

मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस चुकवू नका. तिचे दोन प्रकार, लासोटा आणि आरटूबी. लासोटा पहिल्या आठवड्यात आणि परत चौथ्यात, आठव्या आठवड्यात आरटूबी टोचून, मग दर दोन-तीन महिन्यांनी लासोटा पाण्यातून. नळाच्या पाण्यातल्या क्लोरीनने लस मरते. विहिरीचं पाणी घ्या आणि लिटरला 5 ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर घाला. कुपी 100 पक्ष्यांची, परसात कोंबड्या पाच-सहाच, आणि फोडल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. मोहल्ल्यातल्या सगळ्यांनी मिळून आणली तर परवडते.

कोंबडी अचानक मेली तर पुरायची घाई नको. हातमोजे घालून दुहेरी पिशवीत, बर्फाच्या डब्यात ठेवा (फ्रीजरमध्ये नाही, गोठल्यावर पेशी फुटतात) आणि त्याच दिवशी सेमिनरी हिल्सवरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शवविच्छेदनाला न्या. एका दिवसात दोन-तीन मेल्या तर मात्र हात लावू नका, आधी पशुसंवर्धन खात्याला कळवा. बर्ड फ्लू नागपूरला नवा नाही. 2024 च्या अखेरीस गोरेवाड्याच्या वन्यप्राणी बचाव केंद्रात त्याने वाघ मेले आहेत.