मेसाच्या सभापतींची साक्ष

21 जून 2022 च्या रात्री आमच्या दैनिकाच्या डेस्कवर सुरतेशिवाय दुसरा विषय नव्हता. आदल्या दिवशी विधान परिषदेची निवडणूक झाली होती, एकनाथ शिंदे काही आमदारांसह सुरतच्या हॉटेलात असल्याचे सकाळी उघड झाले होते आणि पहिल्या पानाची मांडणी दर तासाला बदलत होती. माझ्याकडे विदेशाचे पान होते. अशा दिवशी कात्री आधी याच पानावर चालते, हे डेस्कवरच्या प्रत्येकाला ठाऊक असते. तरीही शहर आवृत्तीसाठी वरची जागा मी धरून ठेवली होती, कारण अमेरिकी संसदेवर 6 जानेवारी 2021 रोजी झालेल्या हल्ल्याची चौकशी करणाऱ्या समितीची चौथी जाहीर सुनावणी आपल्याकडच्या रात्री साडेदहाच्या सुमारास सुरू होणार होती आणि तिचे पहिले साक्षीदार होते रस्टी बॉवर्स, ॲरिझोना राज्याच्या प्रतिनिधीगृहाचे सभापती.

बॉवर्स हे नाव आपल्या वाचकांना तेव्हा परिचयाचे नव्हते, म्हणून त्यांच्या कारकिर्दीचे टिपण मी संध्याकाळीच करून ठेवले होते. फिनिक्सजवळचे मेसा हे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी वसवलेले शहर त्यांचे कार्यक्षेत्र, आणि ते स्वतःही त्याच पंथाचे श्रद्धावान अनुयायी. व्यवसायाने चित्रकार आणि शिल्पकार. 1993 मध्ये ते प्रथम राज्याच्या प्रतिनिधीगृहात गेले, 1997 ते 2001 राज्याच्याच सिनेटमध्ये होते, मग बरीच वर्षे विधिमंडळाबाहेर काढून 2015 मध्ये परतले आणि 2019 मध्ये सभापती झाले. आपल्याकडे सभापतीने पक्षापासून अंतर राखावे अशी अपेक्षा असते. तिथे मात्र सभापती हा बहुमतातल्या पक्षाचा नेताच असतो. कोणते विधेयक कोणत्या समितीकडे जाईल आणि कोणते कधीच पटलावर येणार नाही, हे तो ठरवतो. 60 सदस्यांच्या त्या सभागृहात रिपब्लिकन 31 आणि डेमोक्रॅट 29 असे बळ होते. एक सदस्य फुटला तर विधेयक अडते, अशा बहुमतावर बॉवर्स यांनी आपल्या पक्षाचा कार्यक्रम नेटाने पुढे नेला होता. पंधरा आठवड्यांनंतरच्या गर्भपातावर बंदी घालणारा कायदा त्याच वर्षी मार्चमध्ये झाला. खासगी शाळेसाठी सरकारी पैसा मिळण्याची सोय राज्यातल्या प्रत्येक विद्यार्थ्याला खुली करणारे विधेयक त्याच जूनमध्ये त्यांच्या सभागृहाने मंजूर केले. सनातनी, करकपातीचा आग्रही, गर्भपाताचा विरोधक असा हा माणूस होता आणि 2020 मध्ये त्याने डोनाल्ड ट्रम्प यांना मत तर दिलेच, शिवाय त्यांच्यासाठी प्रचारही केला होता.

साक्ष सुरू झाली तेव्हा मी एका कानात हेडफोन लावून ऐकत होते आणि दुसऱ्या कानावर गुवाहाटीच्या विमानाची चर्चा पडत होती. सुनावणीच्या काही वेळ आधी ट्रम्प यांनी निवेदन काढून, निवडणूक लुटली गेल्याचे बॉवर्स यांनीच आपल्याला फोनवर सांगितले होते, असा दावा केला होता. समितीचे सदस्य ॲडम शिफ यांनी पहिल्यांदा त्याविषयीच विचारले. आपण असे म्हटल्याचे कोणीही, कुठेही, कधीही सांगितले असेल तर ते खरे नाही, असे बॉवर्स यांनी शपथेवर सांगितले.

मग त्या फोनची हकिकत आली. नोव्हेंबर 2020 मधला रविवार होता. पत्नीसह चर्चमधून ते घरी पोहोचत होते, गाडी अजून दारातच होती, आणि गाडीच्या फोनवर व्हाइट हाउसचा कॉल आला. पलीकडे राष्ट्राध्यक्ष आणि त्यांचे वकील रुडी जुलियानी. ॲरिझोनात हजारो मृतांच्या आणि दोन लाख बेकायदा स्थलांतरितांच्या नावाने मतदान झाले, असा जुलियानी यांचा दावा होता. बॉवर्स यांनी नावे मागितली. यांना हवे ते द्या, असे ट्रम्प यांनी जुलियानी यांना सांगितले आणि जुलियानी यांनी होकार दिला. ती नावे कधीच आली नाहीत. पुढे समोरासमोर भेट झाली तेव्हा, आमच्याकडे सिद्धान्त भरपूर आहेत, पुरावा तेवढा नाही, असे जुलियानी म्हणाल्याचे बॉवर्स यांनी सांगितले. बायडेन तिथे 10,457 मतांनी जिंकले होते. विधिमंडळाने तो निकाल बाजूला सारून, राष्ट्राध्यक्ष प्रत्यक्षात ज्या मतांनी निवडला जातो ती राज्याची 11 निर्वाचक मते ट्रम्प यांच्याकडे वळवावीत, ही खरी मागणी होती. तुम्ही मला शपथ मोडायला सांगत आहात, आणि ती मी मोडणार नाही, हे बॉवर्स यांचे उत्तर होते. राज्यघटना ईश्वरी प्रेरणेतून आलेली आहे, हा आपल्या धर्मश्रद्धेचा भाग असल्याचे त्यांनी समितीला सांगितले. ज्यांचे राजकारण धर्मावर उभे आहे अशा माणसाने त्याच धर्माच्या आधाराने आपल्याच पक्षाच्या राष्ट्राध्यक्षाला नकार द्यावा, हे मला त्या साक्षीतले सर्वांत वजनदार वाक्य वाटले आणि आजही वाटते.

दर शनिवारी त्यांच्या घरासमोर जमणाऱ्या लोकांविषयी ते बोलले, तेव्हा त्यांचा आवाज पहिल्यांदा अडखळला. ट्रकवरच्या पडद्यांवर चित्रफिती लावून त्यांना बालकांचा लैंगिक छळ करणारा आणि भ्रष्ट राजकारणी म्हटले जात होते. एक जण पिस्तूल घेऊन आला आणि शेजाऱ्याला धमकावू लागला. घरात त्यांची मुलगी गंभीर आजारी होती आणि बाहेरच्या त्या गोंधळाने ती अस्वस्थ होत होती. जानेवारी 2021 च्या अखेरीस तिचे निधन झाले. त्या काळातल्या रोजनिशीतला उतारा त्यांनी वाचून दाखवला. ज्या मित्रांनी आजवर साथ दिली ते उलटले याचे दुःख त्यात होते आणि फसवणूक करून मला जिंकायचे नाही, हे वाक्य होते.

वृत्तसंपादक माझ्या टेबलाशी आले तेव्हा मध्यरात्र जवळ आली होती. "ट्रम्पविरोधी सभापतींची खळबळजनक साक्ष, असा मथळा दे आणि पान सोड," ते म्हणाले.

"सर, ते ट्रम्पविरोधी नाहीत. ट्रम्प पुन्हा बायडेन यांच्यासमोर उभे राहिले तर त्यांनाच मत देईन, असे असोसिएटेड प्रेसच्या ताज्या मुलाखतीत त्यांनी सांगितले आहे."

"मग त्यांच्याच विरोधात साक्ष कशाला देताहेत?"

मी त्यांना टिपण दाखवले. वेळ अजिबात नव्हता, तरी त्यांनी ते उभ्या उभ्या पूर्ण वाचले. फेब्रुवारी 2022 च्या नोंदीपाशी ते थांबले. त्यांच्याच पक्षाच्या आमदारांनी एक विधेयक आणले होते: बहुतेकांचे आगाऊ मतदान बंद करायचे, सगळ्या मतपत्रिका चोवीस तासांत हाताने मोजायच्या आणि निकाल स्वीकारायचा की फेटाळायचा हे विधिमंडळाने ठरवायचे. बॉवर्स यांनी ते विधेयक सभागृहाच्या सगळ्याच्या सगळ्या बारा समित्यांकडे पाठवले. बारा समित्यांतून कोणतेच विधेयक एका अधिवेशनात बाहेर पडत नाही, त्यामुळे मतदानाला न टाकताच ते संपले. मतदारांना दिलेला अधिकार परत घेण्यात आपण सहभागी होणार नाही, अशी त्यांची भूमिका होती. सभापतिपदाच्या ताकदीचा इतका नेमका वापर मी क्वचितच वाचला आहे.

"हे चौकटीत घे," सर म्हणाले, "आणि मुलाखतीतले ते वाक्यही ठेव. काही वाचकांना ते आवडणार नाही, पण ठेव." मथळ्यात 'ट्रम्पविरोधी' ऐवजी 'ट्रम्पसमर्थक' हा शब्द गेला. खालची एक जाहिरात दुसऱ्या पानावर हलवून त्यांनीच मला चौकटीची जागा करून दिली.

पुढचे दोन महिने मी या माणसाचा पाठपुरावा सोडला नाही. 19 जुलैला ॲरिझोना रिपब्लिकन पक्षाच्या कार्यकारिणीने त्यांच्या निषेधाचा ठराव केला. प्रतिनिधीगृहातल्या कार्यकाळाची मर्यादा संपल्यामुळे ते सिनेटसाठी उभे होते. 2 ऑगस्टच्या पक्षांतर्गत निवडणुकीत ट्रम्प यांचा पाठिंबा असलेल्या डेव्हिड फार्न्सवर्थ यांनी त्यांचा मोठ्या फरकाने पराभव केला. 2020 च्या निवडणुकीमागे खुद्द सैतानाचे कारस्थान होते, असे फार्न्सवर्थ यांनी वादचर्चेत म्हटले होते. मेसाच्या मतदारांनी बॉवर्स यांना वर्षानुवर्षे निवडून दिले होते, त्यांची मते त्यांना पाठ होती आणि त्यांतले एकही बदललेले नव्हते. त्या निवडणुकीच्या दोन दिवस आधी मात्र, ट्रम्प यांना यापुढे कधीही मत देणार नाही, असे त्यांनी जाहीरपणे सांगितले होते. जूनमधल्या चौकटीतले ते वाक्य आम्ही छापले होते, म्हणून हे बदललेले वाक्यही मी त्याच पानावर तितक्याच ठळकपणे दिले.

29 डिसेंबर 2022 रोजी निर्वाचक मतांच्या मोजणीचा सुधारित कायदा झाला आणि मतदान होऊन गेल्यावर निर्वाचक निवडण्याचा नियम बदलण्याची वाट राज्यांच्या विधिमंडळांना बंद झाली. आठवडाभराने राष्ट्राध्यक्ष बायडेन यांनी बॉवर्स यांना प्रेसिडेन्शियल सिटिझन्स मेडल दिले, तेव्हा त्यांच्या सभापतिपदाचे मोजके दिवस उरले होते. त्या दिवशी हाती आलेल्या कॉपीत पदकाचे कारण होते, पण त्यांचे राजकारण नव्हते. मी दुसऱ्या परिच्छेदात गर्भपाताचा कायदा, शाळांच्या पैशाचे विधेयक आणि 2020 चा प्रचार हे तिन्ही घातले आणि बातमी पानावर लावली.