तो शुद्धीतच नव्हता, साहेब

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर या विषयावर बोलायला मी काही तत्त्वज्ञ नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात तीस-पस्तीस वर्षं फौजदारी कामं चालवतोय, जोडीला नोटरीचा शिक्का आहे. पण प्रश्न माझ्या चांगल्या ओळखीचा आहे. तुम्ही तो जरा पुस्तकी भाषेत विचारलात: आपण केलेलं कृत्य माणसाला आठवतच नसेल, तर ते त्याचं कसं म्हणायचं? माझ्याकडे तो जामिनाच्या दिवशी येतो, बहुतेक वेळा कुणाच्या तरी आईच्या तोंडून. "सायेब, त्येला कायबी आठवत न्हाई. दारूनं मारलं भावाला, त्यानं न्हाई. मग आत त्यालाच का घालायचं?"

कायद्याचं उत्तर दोन मिनिटांचं आहे. १८६०च्या दंड संहितेत कलम ८५ आणि ८६ होती, १ जुलै २०२४पासून न्याय संहितेत तीच २३ आणि २४ झाली. नकळत किंवा जबरदस्तीने कुणी पाजली आणि त्यामुळे आपण काय करतोय हेच माणसाला कळेनासं झालं, तर बचाव आहे. स्वतःच्या हाताने ग्लास भरला असेल, तर शुद्धीतल्या माणसाला जेवढी जाण असते तेवढी त्याला होती असं धरून चालायचं. संपलं.

हे ऐकून पोरगा मान हलवतो. आई हलवत नाही. मागे एकीने सगळं ऐकून घेतलं, पिशवीतल्या डब्याचं झाकण उगीचच दोनदा काढून लावलं आणि म्हणाली, "त्ये खरं, पण ज्यानं मारलं त्यो माझा नव्हता." मी तिला कलम सांगत होतो आणि ती विचारत होती की मारणारा होता कोण.

त्या बाईची बाजू घेईल असा एकच मोठा माणूस मला वाचनात भेटला, तो इंग्लंडचा जॉन लॉक. बी.ए.ला तत्त्वज्ञान होतं, त्यामुळे नाव माहीत होतं. पण नीट वाचला तो वकिली सुरू झाल्यावर, बार रूममध्ये, पुकारा होईपर्यंतच्या रिकाम्या वेळात. लॉक नुसता लिहिणारा नव्हता, वैद्यकी शिकलेला होता. १६६८मध्ये लॉर्ड ॲश्लीच्या, म्हणजे पुढच्या अर्ल ऑफ शाफ्ट्सबरीच्या, यकृतातल्या गळवावर शस्त्रक्रिया झाली ती त्याच्या देखरेखीखाली, आणि रुग्ण वाचला. पुढे राजकारणाच्या धामधुमीत पाचेक वर्षं हॉलंडात परागंदा होऊन राहिला. मानवी आकलनाविषयीचा त्याचा मोठा निबंध १६८९च्या अखेरीस छापला गेला. पण आपल्या कामाचं प्रकरण त्या पहिल्या आवृत्तीत नाहीच. डब्लिनच्या विल्यम मोलिन्यू या मित्राने पत्रातून सुचवलं, म्हणून १६९४च्या दुसऱ्या आवृत्तीत लॉकने ते घातलं: दुसऱ्या भागातलं सत्ताविसावं. तोच तो म्हणजे काय, यावर.

त्याआधी अर्ध्या शतकापूर्वी फ्रेंच तत्त्वज्ञ देकार्तने आत्मा आणि शरीर यांची फारकत करून ठेवली होती, आणि बोहेमियाच्या राजकन्या एलिझाबेथने १६४३मध्येच त्याला अडचणीत आणणारं पत्र लिहिलं होतं की बाबा रे, ज्याला आकारमानच नाही असा आत्मा शरीराला हलवतो कसा? देकार्तला तिचं समाधान काही करता आलं नाही. लॉकने त्या भांडणात पडायचंच टाळलं. आत विचार करणारा आत्मा आहे की नुसता जडाचा गोळा, मला देणंघेणं नाही, म्हणाला. 'मी' कुठपर्यंत पसरलेला आहे? जिथपर्यंत माझी जाणीव मागे पोचते तिथपर्यंत. कालचं कृत्य मी आतून माझं म्हणून ओळखतो, म्हणून ते माझं.

मग तो दोन शब्द वेगळे करतो, आणि वकिलाचे कान टवकारतात ते इथे. 'माणूस' वेगळा आणि 'व्यक्ती' वेगळी. माणूस म्हणजे हे जितंजागतं शरीर, रोपाचं झाड झालं तरी झाड तेच राहतं तसं. व्यक्ती म्हणजे जी आपल्या कृत्यांची धनी होते, जिला जाब विचारता येतो ती. व्यक्ती हा शब्दच मुळी न्यायालयीन आहे, असं तो स्पष्ट लिहितो. त्याचं गाजलेलं उदाहरण राजपुत्राचं: रात्रीत एका राजपुत्राची जाणीव, सगळ्या आठवणींसकट, मोच्याच्या शरीरात शिरली. सकाळी गल्लीतले लोक म्हणतील, हा आपला मोचीच. पण राजपुत्राने केलेल्या कृत्यांचा जाब द्यायचा कुणी? मोच्याच्या अंगात बसलेल्या त्या राजपुत्राने.

आमच्याकडे या दोन शब्दांच्या मधला एक तिसरा आहे, 'इसम'. पंचनाम्यात अनोळखी इसम, फिर्यादीत सदर इसम. मूळ अरबीत इस्म म्हणजे नाव. माझा नोटरीचा निम्मा धंदा याच शब्दावर चालतो. शाळेच्या दाखल्यावर पांडुरंग, सातबाऱ्यावर पांडू, आधारवर आणखी तिसरंच काही. मग स्टॅम्पवर लिहून द्यायचं, 'वरील तिन्ही नावे माझीच असून ती एकाच इसमाची आहेत'. मी शिक्का मारतो. लॉकने मला विचारलं असतं की एकच माणूस म्हणतोस की एकच व्यक्ती, तर शिक्का हवेतच राहिला असता.

आता त्या आईची केस. लॉक म्हणतो, वेड्याच्या कृत्याबद्दल शहाण्याला आणि शहाण्याच्या कृत्याबद्दल वेड्याला कायदा शिक्षा करत नाही, म्हणजे नकळत का होईना तो त्यांना दोन व्यक्ती मानतोच. पुरावा म्हणून तो बोलीभाषा पुढे करतो: लोक म्हणतात ना, तो स्वतःत नव्हता. मराठीत असले साक्षीदार हवे तेवढे मिळतील. भानावर नव्हता. मी माझ्यात नव्हते. अंगात आलं होतं. आपल्या गावात अंगात आलेल्या बाईने भर देवळात सासऱ्याला शिव्या घातल्या, तर दुसऱ्या दिवशी सासरा तिला जाब विचारत नाही. (विचारायची हिंमत होत नाही हे एक, पण ते असो.)

मग दारुड्याला का धरायचं? हा प्रश्न लॉकने स्वतःच काढला आहे, झोपेत चालणाऱ्याला जोडीला घेऊन. आणि त्याचं उत्तर वाचून मी पहिल्यांदा हसलो होतो, कारण ते आमच्या बाररूममधलं उत्तर आहे. खरंच आठवत नाही की सोंग आहे, हे कोर्टाला कळायला मार्ग नाही. कृत्य त्याच्या अंगावर सिद्ध झालेलं आहे. विस्मरण त्याच्या बाजूने सिद्ध करता येत नाही. म्हणून शिक्षा. कयामतीच्या दिवशी, सगळ्यांच्या मनातलं उघडं पडेल तेव्हा, ज्याची ज्याला जाणीव नाही त्याचा जाब त्याला द्यावा लागणार नाही, असं लॉकला वाटतं. थोडक्यात, खालच्या कोर्टात शिक्षा भोगा, वर अपील आहे.

मोलिन्यूला हे पटलं नाही. पिणं हाच मुळात अपराध आहे, तो दुसऱ्या अपराधाची सबब कसा होईल, असं त्याने कळवलं. झोपेत चालणाऱ्याचा तसा काही दोष नसतो. १६९३-९४च्या थंडीत पत्रं सुरू झाली, आणि शेवटी लॉकने मान्य केलं की नशा ही स्वतःहून ओढवून घेतलेली स्थिती आहे, त्यामुळे दारुड्याला जाणीव नव्हती असं त्याच्या फायद्यासाठी गृहीत धरता कामा नये. गंमत बघा, आपलं कलम ८६, म्हणजे आताचं २४, जवळपास मोलिन्यूच्या बाजूचं आहे. पण लॉकने पुस्तकातला मजकूर काही बदलला नाही. पत्रात माघार घेतली आणि पुस्तकात ठाम राहिला, असे पक्षकार मी पुष्कळ पाहिलेत.

माझं मत विचाराल, तर त्या आईला लॉकने दिलेला आधार मोठा आहे, पण तो पुढे टिकत नाही. स्कॉटलंडच्या थॉमस रीडने १७८५मध्ये तो असा मोडला: एका पोराने बागेतली फळं चोरली म्हणून शाळेत फटके खाल्ले. तोच पुढे तरुण अधिकारी झाला, पहिल्याच मोहिमेत शत्रूचं निशाण हिसकावून आणलं. म्हातारपणी सेनापती झाला. निशाण आणताना त्याला फटके आठवत होते. सेनापतीला निशाण आठवतं, पण फटके साफ विसरला. लॉकच्या हिशेबाने पोर आणि अधिकारी एक, अधिकारी आणि सेनापती एक, पण पोर आणि सेनापती मात्र एक नव्हेत. हे गणित कुठल्याही कोर्टात चालणार नाही.

फळचोरांशी तत्त्वज्ञांचं काय नातं आहे कोण जाणे. आपल्याकडच्या मिलिंदपञ्हा या बौद्ध ग्रंथातही, मिलिंद राजा आणि भिक्खू नागसेन यांच्या संवादात, एक आंबेचोर आहे. राजापुढे उभा राहून तो म्हणतो, मालकाने लावले ते आंबे वेगळे, मी नेले ते वेगळे, मग माझा गुन्हा काय? मिलिंद राजाच सांगतो की हा तरीही दंडाला पात्र आहे, कारण हे आंबे त्या आंब्यांमुळेच आले. तिथे कायम राहणारा 'मी' कुणी मानत नाही, आठवणीचाही आग्रह नाही. एकातून दुसरं आलं, एवढं जबाबदारीला पुरतं. मला हा युक्तिवाद लॉकपेक्षा सरस वाटतो.

स्कॉटलंडच्याच डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाचं नावही घ्यायला हवं, कारण तुम्ही पुढे तेच विचाराल. मनात डोकावलं तर 'मी' सापडतच नाही, नुसता संवेदनांचा जुडगा सापडतो, असं १७३९मध्ये लिहिलं आणि पुढच्याच वर्षी परिशिष्टात कबूल केलं की यातून बाहेर पडायची वाट मला दिसत नाही. त्याच्या घरच्यांना त्याला वकील करायचा होता. बरं झालं झाला नाही.

पण मी लॉकपासून सुटलो तो रीडमुळे नाही, पिंजऱ्यात उभा राहिल्यामुळे. काही वर्षांपूर्वी एका दिवाणी दाव्यात मला समन्स आलं, साक्षीदार म्हणून. वीस वर्षांपूर्वी मी नोटरी केलेलं एक कुलमुखत्यारपत्र होतं. ज्याने लिहून दिलं तो वारला होता आणि त्याचा पुतण्या म्हणत होता की चुलते कधी त्या टेबलासमोर आलेच नाहीत. माझं जुनं रजिस्टर माझ्या हातात दिलं. कापडी बांधणीचं, कोपरे वाळवीने खाल्लेले. अनुक्रमांक, तारीख, नाव, ओळख देणाऱ्याचं नाव, डाव्या अंगठ्याचा ठसा, शेवटी माझी सही. निळी शाई तपकिरी पडलेली. मी ते पान पाहत राहिलो. काही म्हणजे काही आठवेना. त्या माणसाचा चेहरा नाही, तो दिवस नाही, लिहिताना कुठलं पेन होतं तेही नाही. दुसऱ्या कुणाचं रजिस्टर माझ्या हातात द्यावं तसं.

"हा इसम आपल्यासमोर हजर होता का?"

लॉकच्या न्यायाने मी म्हणायला हवं होतं, ज्याच्यासमोर हजर होता तो मी नव्हे. तेव्हाच्या पुरावा कायद्याचं कलम १६० मला पाठ होतं. प्रसंग आठवत नसला तरी, आपण लिहिलेलं तेव्हा बरोबरच लिहिलं होतं अशी खात्री असेल तर साक्षीदार त्यावरून साक्ष देऊ शकतो. उदाहरण हिशेबनिसाचं आहे: व्यवहार विसरला, पण वह्या नीट ठेवल्याचं त्याला ठाऊक आहे. १८७२चा कायदा. आठवणीशिवायही माणूस आपल्या कृत्याचा धनी होतो, हे त्यात एका ओळीत मान्य केलेलं आहे, आणि मी ते कलम तोवर शेकडो वेळा दुसऱ्यांसाठी वापरलं होतं.

खात्री होती का? तेव्हा मी तरुण होतो, घाईत असायचो. पण समोर माणूस नसताना मी अंगठा कधी घेतला नाही. हे मला आठवत नव्हतं, माहीत होतं. म्हणालो, "मला आठवत नाही. रजिस्टर माझं आहे, अक्षर माझं आहे, सही माझी आहे. हजर होता."

पुतण्या माझ्याकडे बघत होता. त्या नजरेत त्या आईचाच प्रश्न होता, फक्त उलटा: तुला आठवत नाही, तर तू कोण सांगणारा?

साक्ष टाइप होऊन आली, मी वाचली आणि खाली सही केली. समोरच्या वकिलाने, आमच्या आप्पांनी, दोन्ही सह्या शेजारी धरल्या. वीस वर्षांपूर्वीची ऐटीत, शेवटच्या अक्षराची शेपटी पार समासापर्यंत गेलेली. आजची आखडलेली, शेपटीच नाही. उलटतपासात त्यांनी तो मुद्दा काढला नाही. बाहेर चहाच्या टपरीवर मात्र खांद्यावर हात टाकून म्हणाले, "वकीलसाहेब, सह्यांमध्ये तफावत आहे. एकाच इसमाच्या असल्याचं प्रतिज्ञापत्र करून घ्या की. स्टॅम्प माझ्याकडे आहे."