लाल त्रिकोण, भाग ३: नवव्या ब्लॉकचा छडा लागला

मंडळी, बऱ्याच दिवसांनी अपडेट टाकतोय, पण यावेळी खरंच सांगण्यासारखं आहे म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधीचं थोडक्यात. एके सकाळी माझी हायब्रिड गाडी (इंजिन आणि मोठी बॅटरी-मोटर दोन्हीवर चालणारी) रेडी मोडला, म्हणजे निघायच्या तयारीत, यायलाच तयार नाही आणि डॅशवर लाल त्रिकोण, चेक इंजिन, एबीएस, ब्रेक, सगळे दिवे एकदम. बघून पोटात गोळाच आला. पण इतके भाग एका रात्रीत थोडेच बिघडतात, म्हणून मल्टीमीटर आधी लावला तो छोट्या १२ व्होल्टच्या बॅटरीला, तर ११.७. चांगली भरलेली असली की १२.६ च्या आसपास दिसायला हवं. हायब्रिडमध्ये ही बॅटरी इंजिन फिरवतच नाही, ते काम मोठ्या बॅटरीचं, ही फक्त कॉम्प्युटर जागे करते आणि रिले (विजेवर चालणारे स्विच) ओढते, त्यामुळे साध्या गाडीत स्टार्टर घरघरायला लागला की आपण सावध होतो तसं इथे काही होत नाही, व्होल्टेज पडलं की ईसीयू (हेच ते गाडीतले कॉम्प्युटर) एकमेकांशी बोलायचे थांबतात आणि स्कॅनरवर (बिघाडाचे कोड वाचणाऱ्या यंत्रावर) यू ने सुरू होणारे, म्हणजे संपर्क तुटल्याचे, कोड रांगेने दिसतात. माझ्याकडे तेच होतं. बॅटरी बदलली, रेडीमध्ये १३.९ यायला लागलं म्हणजे डीसी-डीसी कन्व्हर्टर (मोठ्या बॅटरीतून छोटी चार्ज करणारा) ठीक, दिवे गेले.

आठवड्याभराने चढावर लाल त्रिकोण परत! यावेळी सोबत फक्त चेक इंजिन, आणि कोड पी०ए८०. या कोडचा अर्थच हायब्रिड बॅटरी पॅक बदला असा आहे, त्यामुळे ज्यांना दाखवलं त्यांनी तेच सांगितलं. मला पटेना. कोड उडवायच्या आधी फ्रीझ फ्रेम उतरवून घेतली (प्लीज प्लीज हे सगळ्यांनी करा, कोड क्लिअर केला की त्या क्षणाचे आकडे गेले ते गेलेच) आणि हायब्रिड ईसीयू वाचणारं ॲप ब्लूटूथ ॲडॅप्टरवर चालवलं. साधा स्कॅनर फक्त इंजिनचं वाचतो, त्यात बॅटरीचे ब्लॉक दिसतच नाहीत.

माझा पॅक निकेल मेटल हायड्राइडचा, ७.२ व्होल्टची २८ मॉड्यूल (सेलचे छोटे डबे), दोन-दोनचा एक असे १४ ब्लॉक, एकूण २०१.६ व्होल्ट. ८० अँपिअर खेचताना बाकी ब्लॉक १५ च्या आसपास आणि नववा १३.६. इथपर्यंत कोणीही म्हणेल ब्लॉक मेला. पण ब्रेकवर (हायब्रिडमध्ये ब्रेक लावला की बॅटरी भरते) ४० अँपिअर चार्ज आत येताना हाच नववा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा ०.७ ने वर! आणि करंट शून्य झाला की त्याच क्षणी सगळ्यांच्या बरोबर. वहीवर मांडलं, १.४ भागिले ८० म्हणजे साडेसतरा मिलिओहम, त्याला ४० ने गुणलं तर बरोबर ०.७. दोन्ही बाजूंनी एकच रेझिस्टन्स निघतोय. कपॅसिटी गेलेला ब्लॉक असा घड्याळासारखा वागत नाही, तो लोडखाली खाली खाली सरकत जातो आणि लोड काढला तरी वर यायला वेळ घेतो. तेव्हाच वाटलं की जोडणीत काहीतरी आहे.

मग पॅक उघडला. १२ व्होल्टची निगेटिव्ह काढली, सर्व्हिस प्लग (मोठ्या बॅटरीचं सर्किट तोडणारा) काढून खिशात टाकला म्हणजे दुसरं कोणी चुकून लावायला नको, कपॅसिटर उतरायला दहा मिनिटं थांबलो, १००० व्होल्टचे रबरी हातमोजे घातले. प्लग काढला तरी मॉड्यूलची साखळी भरलेलीच असते आणि २०० व्होल्ट डीसी जीव घेऊ शकतो, त्यामुळे ज्यांना याची सवय नाही त्यांनी कव्हरला हात लावू नये, खरंच.

सतराव्या आणि अठराव्या मॉड्यूलमधल्या बसबारवर (दोन मॉड्यूल जोडणाऱ्या तांब्याच्या पट्टीवर) हिरवी पावडर होती, नट फिरवताना करकरला आणि खाली तांबं दिसायच्या ऐवजी काळा डाग. शेजारचे बसबार नुसते मळलेले. तरी खात्री म्हणून प्रत्येक मॉड्यूलला ५५ वॅटचा हेडलाइट बल्ब दोन-दोन मिनिटं लावला, २८ च्या २८ मॉड्यूल ७.९ वरून ७.६ च्या आसपासच उतरली, सतरावं ७.५८. एखादा सेल मेलेला असता तर तिथे १.२ व्होल्टचा खड्डाच दिसला असता. इतका आनंद झाला की काय सांगू!

बसबार व्हिनेगरमध्ये भिजवून, धुऊन, पूर्ण सुकवून, घासून चकचकीत केले. नट टॉर्क रेंचनेच आवळले, मॅन्युअलप्रमाणे ५.४ न्यूटन मीटर, स्टड प्लॅस्टिकमध्ये बसवलेले असतात, जोर लावला की संपलं. बॅटरी थंड करणाऱ्या फॅनच्या पात्यांवर तर धुळीची गादीच साचली होती, फ्रीझ फ्रेममध्ये बॅटरीचं तापमान ४४ होतं ते यामुळेच असणार. तोही साफ केला.

जोडल्यावर गाडी रेडीला येईना, कोड पी०ए०डी, म्हणजे इंटरलॉक, प्लग वगैरे नीट बसला नसेल तर गाडी सुरू होऊ न देणारं सुरक्षेचं सर्किट. सर्व्हिस प्लगचा दांडा शेवटच्या टप्प्यात सरकवून लॉक करायचा राहिला होता, तो केला आणि झालं.

आता त्याच चढावर त्याच ८० अँपिअरला नववा ब्लॉक बाकीच्यांपेक्षा फक्त ०.२ ने खाली, ब्रेकवर ०.१ ने वर. पाच आठवडे झाले, त्रिकोण आलेला नाही. सेन्स वायरच्या (ब्लॉकचं व्होल्टेज मोजणाऱ्या तारांच्या) दोन-तीन रिंगा अजून हिरवट आहेत त्या पुढच्या वेळी, आणि महिन्यातून एकदा त्याच चढावर लॉग घेणार आहे. तुमच्यापैकी कोणी ब्लॉकनुसार मिलिओहम काढले असतील तर आकडे टाका, किती किलोमीटरनंतरचे ते पण सांगा.