गुडघाभर पाण्यातली सुट्टी

"मुलं एवढी लहान, आणि तुम्ही लक्षद्वीपला? तिथं त्यांना करायला काय होतं?" बहीण विचारते, शाळेच्या फाटकाशी भेटणाऱ्या आया विचारतात. आता तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

मुलगी नऊ वर्षांची, मुलगा सहाचा. बेटांवर जायचा परवाना हातात आल्यावर कोचीहून छोट्या विमानानं अगत्ती बेटावर गेलो. पश्चिमेला प्रवाळाची, म्हणजे पोवळ्यांची, भिंत लाटा अडवते, म्हणून आतलं लगून, भिंतीआडचं उथळ पाणी, तळ्यासारखं निवांत. मोठी माणसं तिथं स्कूबासाठी येतात. आम्ही ओहोटीची वेळ विचारून घ्यायचो आणि गुडघाभर पाण्यात उभे राहायचो.

दुसऱ्याच दिवशी मुलीनं माझा दंड घट्ट धरला. चार हातांवर कासव गवत खात होतं, गाईसारखं, मान खाली घालून. यांना हिरवं कासव म्हणतात, पण पाठ तपकिरी. हिरवी असते ती आतली चरबी. कोकणात वेळासच्या किनाऱ्यावर मुलांनी ऑलिव्ह रिडले जातीच्या कासवांची तळहातावर मावणारी पिल्लं समुद्राकडे जाताना पाहिली होती. हे धूड बघून धाकटा कुजबुजला, "हे त्यांचे आजोबा का?"

तिथल्या भाषेत कासवाला 'आमा' म्हणतात, हे आमच्या नाववाल्यानं शिकवलं. त्याच्याच तोंडून कासवांबद्दलची नाराजीही ऐकली. पूर्वी इथं समुद्री गवत दाट होतं, त्यात माशांची पिल्लं वाढायची. कासवं वाढली, त्यांनी गवत पार खुडलं, आणि मासे कमी झाले ते त्यांच्यामुळेच, असं कोळी म्हणू लागले. पुढे गवत संपलं तशी बरीच कासवं कदमत वगैरे बेटांकडे गेली. मुलगी गप्प झाली. कासवं वाचवायची असतात, एवढंच तिला ठाऊक होतं; त्यांच्यामुळे कुणाचं जेवण कमी होतं हे नव्यानं कळलं. रात्री झोपताना तिनं विचारलं, "मग दोघांनी काय खायचं?" मला उत्तर देता आलं नाही. पण हा प्रश्न तिला पडला, यासाठी मी तिला पुन्हा तिथं नेईन.

पोवळ्यावर पाय मात्र ठेवू दिला नाही. गोल, दगडासारखी दिसणारी पोवळी वर्षाला जेमतेम सेंटीमीटरभर वाढतात. 1998, 2010, 2016 आणि 2024 साली पाणी तापून ती पांढरी पडली, पुष्कळ मेली. बेटाची जमीनही पोवळ्यांच्याच चुऱ्याची. म्हणून म्हणते, मुलं मोठी व्हायची वाट बघू नका. लहान मुलं एका जागी अर्धा तास वाकून उभी राहू शकतात. आपलं ते कधीच सुटलेलं असतं.

कंटाळा म्हणाल तर भरतीच्या वेळी यायचा. तेव्हा दोघं धक्क्यावर पालथी पडून, श्वासासाठी वर येणारी कासवांची डोकी मोजत राहायची.