रामटेक-खिंडसी फेरी: रेंज नसताना कोणतं साधन न्यावं?

नागपूरहून मनसरमार्गे रामटेक, गडमंदिर, डोंगराच्या कुशीतला अंबाळा तलाव, मग खिंडसी आणि शेवटी महामार्गाने देवलापारची बाजू. उंच जागा, डोंगराचा आडोसा, उघडं पाणी आणि सागवान एकाच फेरीत मिळत असल्याने संपर्कसाधन पारखायला ही वाट उत्तम. गटाकडे 446 मेगाहर्ट्झचे अर्ध्या वॅटचे वॉकीटॉकी आणि 865-867 मेगाहर्ट्झवर मेश्टॅस्टिक चालवणारे लोरा नोड होते. लोरा म्हणजे कमी विजेत लांब पोचणारा रेडिओ, नोड म्हणजे तो बसवलेलं छोटं यंत्र आणि मेश्टॅस्टिक म्हणजे मोबाइल नेटवर्कशिवाय एका नोडवरून दुसऱ्यावर लेखी संदेश पुढे पाठवणारी प्रणाली.

आधी कायद्याचं बोलू. परदेशी सॅटेलाइट फोन किंवा सॅटेलाइट मेसेंजर विनापरवाना बाळगणं भारतात गुन्हा आहे. कुणी विदेशातून आणून दिला तरी नेऊ नका. आयफोनची सॅटेलाइट एसओएस सोय इथे चालत नाही. ऑनलाइन मिळणारे स्वस्त 5 वॅटचे व्हीएचएफ-यूएचएफ हँडसेट हॅम (हौशी रेडिओ) परवान्याशिवाय वापरता येत नाहीत. 446.0-446.2 आणि 865-867 हे पट्टे कमी शक्तीच्या उपकरणांना परवानामुक्त आहेत, पण खरेदी करताना ईटीए, म्हणजे उपकरणाच्या सरकारी मान्यतेचं प्रमाणपत्र विचारा. व्याघ्र प्रकल्पाच्या गेटच्या आत वन खात्याच्या परवानगीशिवाय यातलं काहीही नेऊ नका.

गडावर एक नोड ठेवला की खालचे नोड एकमेकांशी सहज बोलतात. तोच नोड अंबाळ्याच्या काठावर उतरवला की डोंगर आड येतो आणि संदेश अडकतात. वॅट वाढवण्यापेक्षा उंची वाढवा. 10 किलोमीटरच्या अंतरावर मध्यभागी सरळ रेषेच्या भोवती जवळजवळ 30 मीटर मोकळी जागा लागते. नुसतं समोरचं दिसणं पुरेसं नाही. सागवानाची पानं उन्हाळ्यात गळलेली असतात, म्हणून मे महिन्यात मिळालेल्या रेंजवर ऑगस्टमध्ये विसंबू नका. ओल्या, भरगच्च पानांत सिग्नल फार विरतो.

वॉकीटॉकी गाड्यांच्या ताफ्यासाठी, समोरासमोरच्या बोलण्यासाठी ठीक. खोक्यावर छापलेले किलोमीटर मोकळ्या मैदानातले असतात. गट पांगणार असेल तर लोराच घ्या.

नोड घेताना 433 नव्हे, 868 चा बोर्ड मागा. अँटेनाही त्याच पट्ट्याचा हवा, कारण सोबत कधी कधी चुकीचा येतो. अँटेना जोडल्याशिवाय वीज देऊ नका, प्रसारणाची चिप जळू शकते. ॲपमध्ये रीजन ‘भारत’ निवडा, सर्वांचा प्रीसेट (रेडिओची तयार मांडणी) एकच ठेवा आणि चॅनलची किल्ली, म्हणजे संदेश उलगडणारा सांकेतिक शब्द, निघण्याआधी क्यूआरने वाटा. हॉप, म्हणजे संदेशाने नोडवरून नोडवर घ्यायच्या उड्या, 3 पुरेत. राउटरची, म्हणजे इतरांचे संदेश पुढे ढकलण्याची, भूमिका फक्त उंचावरच्या नोडला द्या. सगळेच राउटर झाले तर हवेत गर्दी होऊन संदेश एकमेकांवर आपटतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. संदेशाची मर्यादा साधारण 200 बाइट असते आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, 3 बाइट खातं. ‘पाणी संपले’ला 28 बाइट लागतात, तेच रोमन अक्षरांत 11. म्हणून ‘पा0’ म्हणजे पाणी संपलं, ‘थां’ म्हणजे थांबलोय, असे संकेत आधीच ठरवून कागदावर लिहून घ्या.

ईएसपी32 चिपचा बोर्ड 2000 एमएएचच्या बॅटरीवर दिवसभरही नीट टिकत नाही. एनआरएफ52 या कमी वीज खाणाऱ्या चिपचा बोर्ड अनेक दिवस चालतो, थोडा महाग पडला तरी तोच घ्यावा. एक नोड रेंज असलेल्या गावात बसलेल्या माणसाकडे हवाच, नाहीतर 112 या आपत्कालीन क्रमांकाला फोन लावणार कोण? त्याच्याशी दर दोन तासांनी हजेरी ठरवा आणि दोन हजेऱ्या चुकल्या तर त्याने काय करायचं तेही सांगून ठेवा. उन्हाळ्यात नोड गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवू नका. 45 अंशांच्या वर लिथियम सेल चार्ज करणं धोक्याचं असतं.