शिट्टीचं गाणं

मी साऊंड करतो, ठाणे-नवी मुंबईत, हळदी, गणपतीतले ऑर्केस्ट्रा, कॉलेजचे फेस्ट सगळंच. हळदीवाल्यांना नुसता बेस पाहिजे असतो, त्यामुळे रॉक बँड आला की मी खूश.

गेल्या महिन्यात वाशीला शो होता, पोरांनी स्कॉर्पियन्स या बँडचं 'विंड ऑफ चेंज' घेतलेलं. ते शिट्टीने सुरू होतं आणि तिथेच साऊंडवाल्याची वाट लागते. फुंकर सरळ माईकवर आली की स्पीकरमधून भस्सकन वारा येतो, म्हणून माईक हनुवटीखाली तिरका धरायला लावायचा आणि लो कट मारायचा, म्हणजे खालचे जाड आवाज कापायचे. वर शिट्टी म्हणजे एकच बारीक सूर, मॉनिटर, म्हणजे गाणाऱ्यासमोरचा स्पीकर, फीडबॅकने जिथे कूं करतो नेमकी तिथेच, तो कापला तर शिट्टीच गायब. वीस मिनिटं खपलो. आयोजकांचं मधेच "झालं का, पाहुणे आले", यांना पाहुणे दिसतात, फीडबॅक ऐकू येत नाही.

साऊंड चेकमधे पोरगा मॉस्कोतली मॉस्क्वा नदी, गॉर्की पार्कची पहिली ओळ गायला लागला तर बेसवाल्याचे वडील खुर्चीवरून म्हणाले, "अरे, ज्याने लिहिलं तो स्वतः आता ही ओळ गात नाही."

मी आठेक वर्षं हे गाणं मिक्स करतोय, मला ते ब्रेकअपचं वाटायचं. काकांनी सांगितलं की ऑगस्ट १९८९ला मॉस्कोत लेनिन स्टेडियमवर शांततेसाठी फेस्टिव्हल झाला, स्कॉर्पियन्स तिथे वाजवून आले आणि त्यावरून त्यांचा गायक क्लाउस माइनेने हे लिहिलं. बँड जर्मन, देश तेव्हा अर्धा-अर्धा, बर्लिनची भिंत उभीच, ती पडली नोव्हेंबरात. म्हणजे आता पूर्व-पश्चिमेचं भांडण मिटेल ही आस आहे त्यात. आणि २०२२ला रशियाने युक्रेनवर हल्ला केल्यावर त्यानेच सुरुवातीच्या ओळी बदलून युक्रेनचं नाव घातलं.

पोरगा म्हणाला, "काका, ओरिजिनल ते ओरिजिनल." त्याचंही चुकलं असं मला वाटत नाही, पण शोमधे त्या ओळीला त्याने माईक पब्लिककडे फिरवला, पब्लिकला कुठे शब्द माहीत, सगळं रिकामं, मी घाईघाईत गिटार वर घेतली. घाबरून फिरवला की मुद्दाम, विचारलं तर नुसता हसला.

केबल गुंडाळत होतो तेव्हा काका चहा घेऊन आले. ते जहाजावर चीफ इंजिनीअर, फेब्रुवारी २०२२ला युक्रेनमधल्या मिकोलाइवच्या बंदरात अडकलेले. बायकोचा फोन आला आणि मागे धडाम झालं की सांगायचे, जनरेटर आहे गं.

"तू साऊंडवाला, तुला फरक कळला असता का रे?"

मी म्हटलं नाही, फोनमधे लो जातच नाही, स्फोटाचा खालचा दणका कापला जातो, राहते नुसती खडखड.

"अच्छा," काका म्हणाले, "मग तिला कसं कळायचं?"