तुम्ही विचारलंत म्हणून: फॉकलंडच्या खडीवर कशाला?

"का बे, सोलापुरात रस्ते संपले का?" मित्र असं विचारतात. बाकीचे जरा सभ्यपणे: पळायलाच जायचं होतं तर एवढ्या लांब, फॉकलंड बेटांवर, तेही खडीच्या रस्त्यावर कशाला?

वाऱ्यासाठी गेलो होतो.

दक्षिण अटलांटिकमधली ही बेटं साधारण 52 अंश दक्षिण अक्षांशावर. त्या पट्ट्यात पश्चिमेचा वारा अडवायला दक्षिण अमेरिकेचं निमुळतं टोक सोडलं तर जमीनच नाही. बेटांवर मूळचं झाडही नाही. गवत, खुरटी झुडपं आणि मेंढ्या. राजधानी स्टॅनलीहून माउंट प्लेझंटच्या विमानतळाकडे साधारण 55 किलोमीटरचा रस्ता जातो, कडेला खोल चर. मी त्याच्या खडीच्या भागात पळायचो. बेटांची सगळी वस्ती साडेतीन हजारांच्या आसपास, त्यामुळे गाडीवाला हात केल्याशिवाय पुढे जात नाही. आपणही हात करायचा आणि लगेच पाठ फिरवायची, कारण चाकाखालची खडी उडते. पळायचं चाकोरीतून, कडेची सुटी खडी घोट्याचा जीव घेते.

आता वारा. समोरून ताशी 30 किलोमीटरचा वारा आणि मी ताशी 10 ने पळतोय, म्हणजे अंगावर 40 चा. एरवी शांत हवेत तो 10 चाच. हवेचा रेटा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे चौपट नाही, सोळापट. परतीला तोच वारा पाठीशी असतो, पण गेलेलं सगळं परत देत नाही. अशा वेळी घड्याळात वेग बघणारा माणूस मला तरी कळत नाही. दमावर पळावं, किलोमीटर होतील तेव्हा होतील.

याचा सराव मी सोलापूरजवळच्या नान्नजच्या बाजूला केला, आषाढात, माळढोक पक्ष्याच्या अभयारण्याबाहेरच्या मुरमाच्या रस्त्यांवर. (माळढोक दिसला का, हेही विचारतात. काळवीट दिसतात. माळढोकाचं नशीब हल्ली फार थोड्यांना.) माळावरचा तो वाराही काही कमी नाही. फरक एवढाच, की सोलापूरचं ऊन आधी चटका देतं. फॉकलंडला उन्हाळ्यातही हवा गार, घाम वाऱ्यावर उडून जातो, तहान कळत नाही आणि कातडी मात्र भाजून निघते. वसंतात तर तिथे ओझोनचा थरही पातळ होऊ शकतो.

आईचा प्रश्न वेगळा होता: तिथं सुरुंग पेरलेत म्हणे? होते. 1982 च्या अर्जेंटिना-ब्रिटन युद्धातले. नोव्हेंबर 2020 मध्ये बेटं सुरुंगमुक्त झाल्याचं जाहीर झालं. तरी ती म्हणाली, रस्ता सोडून जाऊ नको.

जायचंच असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी, तेव्हा तिथे उन्हाळा. एवढा खर्च नको असेल तर आषाढात चारनंतर नान्नजला या. पाणी बरोबर आणा, वाटेत सावली नाही.